लिहून ठेवणारी खोली : स्त्री-अभ्यास केंद्रांचा इतिहास आणि यावल तालुका

महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत आज मुलींसाठी कोणती ना कोणती व्यवस्था निदान कागदावर तरी असते. खानदेशातील महाविद्यालयांत ती युवती सभा या नावाने चालते, मुंबईकडे तिला महिला विकास कक्ष म्हणतात, कोठे विशाखा समिती हे जुने नाव अजून तोंडात बसलेले आहे, तर कायद्याने जी समिती बंधनकारक केली आहे तिचे नाव अंतर्गत तक्रार समिती असे आहे. याखेरीज काही विद्यापीठांच्या आवारात आणि मोजक्या महाविद्यालयांत स्त्री-अभ्यास केंद्र असते. ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, परंतु ती एकाच गोष्टीची नव्हेत. तक्रार समिती अन्याय झाल्यानंतर दाद मिळवून देण्यासाठी असते. युवती सभा मुलींना धीर यावा म्हणून व्याख्याने, शिबिरे आणि स्वसंरक्षणाचे वर्ग भरवते. स्त्री-अभ्यास केंद्राचे काम मात्र स्त्रियांच्या जीवनाविषयीचे ज्ञान जमवणे, पारखणे, जपून ठेवणे आणि शिकवणे हे असते. इतिहासाच्या क्रमाने पाहिले तर या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट आधी आली आणि तिच्यातूनच इतर दोहोंना आशय मिळाला. तालुक्याच्या महाविद्यालयात मात्र नेमकी तीच बहुधा आढळत नाही.

या केंद्रांच्या नावात अलीकडे लिंगभाव हा शब्द येऊ लागला आहे. लिंग हा शब्द शरीरातील स्त्री-पुरुष भेदासाठी वापरतात, तर त्या भेदावर समाजाने चढवलेले अर्थ, अपेक्षा, कामे आणि बंधने यांना मिळून लिंगभाव म्हणतात. मूल बाईच्या पोटात वाढते ही लिंगाची गोष्ट झाली. ते रात्री रडले तर उठायचे कोणी, शेताच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे लागायचे, आणि बारावीनंतर भाऊ-बहिणींपैकी जळगावला खोली करून शिकायला कोणी राहायचे, या लिंगभावाच्या गोष्टी झाल्या. जे निसर्गाने ठरवलेले आहे असे वाटते त्यातले बरेचसे माणसांनी ठरवलेले असते, आणि माणसांनी ठरवलेले माणसांना बदलता येते, ही स्त्री-अभ्यासाची मूळ धारणा आहे.

अशी केंद्रे आधी परदेशात निघाली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९६० मध्ये स्त्रियांसाठी केंद्र सुरू केले, ते प्रामुख्याने लग्न आणि मुलेबाळे यांमुळे शिक्षण सुटलेल्या स्त्रियांना पुन्हा वर्गात आणण्यासाठी. आणि १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे स्त्री-अभ्यासाचा पहिला रीतसर अभ्यासक्रम उभा राहिला, तो विद्यार्थिनी आणि अध्यापिका यांच्या मागणीतून. भारतात ही गोष्ट अवघ्या चार वर्षांनी घडली, परंतु तिची मुळे परदेशी रोपट्यात शोधण्याचे कारण नाही. येथे ती एका मराठी संस्थेच्या अंगणात उगवली आणि तिला पाणी मिळाले ते दुष्काळ, दारूबंदी, बलात्कारविरोधी आंदोलन आणि जनगणनेचे आकडे यांचे.

ही संस्था म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, अर्थात एस.एन.डी.टी. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचनात आल्यावर १९१५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून भारतातही तसे विद्यापीठ असावे असा विचार मांडला आणि १९१६ मध्ये तो हिंगण्याला प्रत्यक्षात आणला. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा कर्व्यांचा आग्रह काळाच्या फार पुढे होता, हे मान्य करावेच लागेल. पण त्याचबरोबर स्त्रीचे कार्यक्षेत्र वेगळे आहे असे गृहीत धरून अभ्यासक्रमात घर सांभाळण्याच्या शास्त्राला त्यांनी मानाचे स्थान दिले होते, हेही तितकेच खरे आहे. स्त्रीला शिकवायचे, पण घर अधिक चांगले चालावे म्हणून, ही त्या पिढीच्या सुधारणेची मर्यादा होती, आणि ती मर्यादा ओलांडणारा प्रश्न त्याच विद्यापीठातून पुढे विचारला गेला यात कर्व्यांच्या कामाचे यशच दिसते.

तो प्रश्न विचारला समाजशास्त्राच्या प्राध्यापक नीरा देसाई यांनी. आधुनिक भारतातील स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५७ मध्येच प्रसिद्ध झाले होते, म्हणजे या विषयाला नावही मिळालेले नव्हते तेव्हा. १९७४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचा संशोधन विभाग सुरू झाला. भारतातील विद्यापीठात असे केंद्र निघण्याची ही पहिलीच वेळ होती. अर्थशास्त्राच्या अभ्यासक मैत्रेयी कृष्णराज यांनी पुढे त्याची धुरा वाहिली. मुलींसाठी खास विद्यापीठ असूनही तेथे शिकवल्या जाणाऱ्या अर्थशास्त्रात बाईच्या कामाचा हिशेब नव्हता, इतिहासात तिचे नाव एखाद्या राणीपुरतेच येत होते आणि समाजशास्त्रात ती कुटुंब या प्रकरणात बसवलेली होती; तेव्हा मुलींना वर्गात बसवणे हे अर्धे काम झाले, त्या वर्गात शिकवले जाणारे ज्ञानच तपासून पाहणे हे उरलेले अर्धे काम आहे, अशी या विभागामागची दृष्टी होती.

त्याच सुमारास दिल्लीत एक अहवाल तयार होत होता. केंद्र सरकारने १९७१ मध्ये स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. तिच्या अध्यक्ष फुलरेणू गुहा होत्या, सदस्य-सचिव म्हणून वीणा मजुमदार यांनी काम पाहिले आणि मुंबईच्या कामगार नेत्या मणिबेन कारा सदस्यांमध्ये होत्या. १९७४ च्या अखेरीस पूर्ण झालेल्या या अहवालाचे नाव समानतेकडे असे होते, पण आतील आकडे उलट दिशेला जाणारे होते. १९०१ मध्ये देशात दर १,००० पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, तर १९७१ मध्ये ९३०. स्वातंत्र्य, मतदान, राज्यघटनेतील समतेचे कलम, हे सगळे मिळूनही स्त्रियांचे प्रमाण घटत गेले होते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या शहरी स्त्रीकडे पाहून देशाने जी समजूत करून घेतली होती ती या आकड्यांनी मोडली, आणि बाईबद्दल बोलण्याआधी तिच्याबद्दलची माहिती गोळा केली पाहिजे हे अभ्यासकांना पटले.

मात्र ही माहिती पुस्तकांत नव्हती, ती गावांत होती, आणि याचा सर्वांत ठळक पुरावा खानदेशानेच दिला. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील आणि आता नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहादा तालुक्यात भिल्ल शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याने आधीच जागे केलेल्या या भागात गहाण पडलेल्या जमिनी, सालदारकी आणि मजुरी हे लढ्याचे मुख्य विषय होते. परंतु सभांना येणाऱ्या बाया जेव्हा बोलू लागल्या तेव्हा त्यांनी मजुरीइतक्याच तळमळीने दारू आणि मारहाण हे विषय काढले, गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. भारतीय स्त्री-चळवळीचे इतिहासकार सत्तरीच्या दशकातील नव्या पर्वाची सुरुवात सांगताना शहाद्याचा उल्लेख हमखास करतात. ज्या गोष्टीला विद्यापीठात पुढे कौटुंबिक हिंसा हे नाव मिळाले आणि २००५ मध्ये ज्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, ती गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याच्या निरक्षर मजूर बायांनी आधी सार्वजनिक केली होती. खानदेशातील महाविद्यालयांत हा इतिहास पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत असायला हवा.

१९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात स्त्री-मुक्ती संघर्ष परिषद भरली आणि मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली, जिच्या ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेल्या 'मुलगी झाली हो' या नाटकाने १९८३ पासून गावोगावच्या प्रेक्षकांपुढे हा विषय नेला. दरम्यान मथुरा प्रकरणाने देश हलला होता. आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञ प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रातून १९८० चे देशव्यापी आंदोलन आणि १९८३ ची कायदादुरुस्ती घडली. विद्यापीठातील माणसांनी केवळ निकालपत्र नीट वाचून आणि त्यातले गृहीतक उघडे करून काय साधता येते याचे हे उदाहरण आहे, आणि स्त्री-अभ्यास या शब्दातील अभ्यास म्हणजे काय हे समजून घ्यायला ते पुरेसे आहे.

एप्रिल १९८१ मध्ये एस.एन.डी.टी.च्या यजमानपदाखाली मुंबईत स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद झाली आणि तिच्यातून भारतीय स्त्री-अभ्यास संघटना जन्माला आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्रियांच्या समतेसाठी शिक्षण असा स्वतंत्र विभाग आला, विविध अभ्यासक्रमांत स्त्री-अभ्यासाला स्थान देण्याचे त्यात म्हटले होते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यानंतर विद्यापीठांत अशी केंद्रे काढण्यासाठी अर्थसाहाय्य सुरू केले. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये निघालेले केंद्र, ज्याला पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले, ते याच लाटेतले. तेव्हा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालये पुणे विद्यापीठालाच जोडलेली होती. जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी वेगळे झाले.

पुण्याच्या केंद्राची उभारणी विद्युत भागवत यांनी केली आणि नंतर शर्मिला रेगे यांनी त्याला एक वेगळे वळण दिले. भागवतांनी स्त्री-प्रश्नाची चर्चा मराठीत आणली, संतकवयित्रींपासून एकोणिसाव्या शतकातील लेखिकांपर्यंत महाराष्ट्रातील स्त्रियांनी आपल्या जगण्याबद्दल काय म्हटले ते शोधून मांडले. रेगे यांनी त्यापुढचा अवघड प्रश्न हाती घेतला. स्त्री-अभ्यासातली स्त्री म्हणजे नेमकी कोणती, सवर्ण मध्यमवर्गीय स्त्रीचे अनुभव सर्व स्त्रियांचे म्हणून खपवले जात नाहीत ना, दलित स्त्रीच्या बाबतीत जात आणि लिंगभाव वेगळे काढता येतात का, हा तो प्रश्न होता. २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी दलित स्त्रियांची मराठी आत्मकथने इंग्रजी वाचकांपुढे ठेवली. त्यांच्या लेखनाइतकेच महत्त्वाचे होते त्यांचे शिकवणे. लहान गावांतून आलेल्या, इंग्रजीने बिचकलेल्या विद्यार्थ्यांना कमी लेखण्याऐवजी अभ्यासक्रमच त्यांच्यासाठी कमी पडतो आहे असे त्या मानत, आणि फुले-आंबेडकरी विचारांच्या आधारे शिकवण्याची पद्धत कशी असावी यावर त्यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकात जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न' या नाटकाचे नाव आणले. १३ जुलै २०१३ रोजी त्यांचे अकाली निधन झाले. यावलहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीला ज्या शिक्षिकेची सर्वाधिक गरज असते ती नेमकी अशी.

स्त्री-अभ्यासाच्या केंद्रात काय घडते हे जवळून पाहायचे तर एका लहानशा पुस्तकाची कथा पुरेशी बोलकी आहे. जळगावला लागून असलेल्या बुलढाण्यातील ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध लिहिला आणि तो १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. सुरतेतील एका ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला, तिला आधी फाशीची शिक्षा झाली, आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर ताशेरे ओढले, त्याला ताराबाईंचे हे उत्तर होते. ज्या दुर्गुणांबद्दल बाईला नावे ठेवली जातात ते पुरुषांत किती आहेत याचा त्यांनी एकेक करून हिशेब मांडला, आणि पुनर्विवाहाची मुभा पुरुषाला असेल तर स्त्रीला का नाही असे विचारले. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, परंतु निबंधावर झालेल्या टीकेनंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही आणि पहिलेही विस्मरणात गेले. डॉ. स. गं. मालशे यांच्या हाती त्याची प्रत लागली आणि १९७५ मध्ये त्यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मधली ९३ वर्षे उलटली होती. आज देशभरातल्या स्त्री-अभ्यासाच्या वर्गांत ते आरंभीच्या पाठ्यग्रंथांपैकी एक आहे. ती प्रत रद्दीत गेली असती तर मराठी स्त्रीने १८८२ मध्ये असा विचार केला होता हे सिद्ध करायला काहीच उरले नसते, आणि समतेचा विचार बाहेरून आला असे म्हणणाऱ्यांना उत्तर देता आले नसते.

म्हणून कागद जपणारी आणि बोललेले टिपून ठेवणारी माणसे या इतिहासात फार मोलाची ठरतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले; त्यांच्यापैकी अनेकींकडे तोवर कोणी काही विचारायलाच गेले नव्हते. १९८८ मध्ये मुंबईत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी स्पॅरो नावाचे स्त्रियांविषयीच्या ध्वनिफिती, चित्रे आणि कागदपत्रे यांचे संग्रहालय स्थापन केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, पिठाची गिरणी गावात आल्यावर ज्या कोणाच्या तोंडी उरल्या नसत्या.

खानदेशाला याचे सर्वांत मोठे उदाहरण घरातच सापडते. १८८० मध्ये आसोद्याला जन्मलेल्या आणि १९५१ मध्ये जळगावी निवर्तलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या जे लेवा गणबोलीत रचत, ते मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी कागदावर उतरवून घेतले म्हणून राहिले. त्यांच्या निधनानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले, हा उचित सन्मान होय. परंतु त्या वहीत उतरले ते त्यांच्या रचनांपैकी काही. जे निसटले ते कायमचे गेले, आणि त्याच पंचक्रोशीत रचणाऱ्या ज्या बायांच्या घरी लिहिणारा मुलगा नव्हता त्यांचे तर नावही उरले नाही.

अभ्यास आणि संग्रह यांच्या या धाग्याला तक्रारीचा आणि कायद्याचा दुसरा धागा नव्वदीच्या दशकात जोडला गेला. १९९४ मध्ये जळगाव शहरात तरुण मुलींना जाळ्यात ओढून त्यांचे लैंगिक शोषण केल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि राज्यभर गाजले. बदनामीच्या भीतीने पुढे येऊन बोलणे मुलींना किती अशक्य होते, आणि विश्वासाने जाऊन सांगावे अशी जागा घरात, महाविद्यालयात किंवा पोलीस ठाण्यात कोठेच कशी नव्हती, हे त्या वेळी सगळ्यांना दिसले. तीन वर्षांनी, १३ ऑगस्ट १९९७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि प्रत्येक आस्थापनेत स्त्रीच्या अध्यक्षतेखाली तक्रार समिती असावी असे सांगितले. विशाखा समिती हे नाव तेथून आले. २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे विनियम करून तो उच्च शिक्षणाला लागू केला.

हे विनियम प्रत्येक पालकाने समजून घ्यावेत असे आहेत. समितीच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ अध्यापिका असावी लागते. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी लागते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. प्राचार्यांसारख्या मुख्य प्रशासकीय पदावरील व्यक्तीला या समितीवर बसता येत नाही, कारण तक्रार संस्थेच्या नावाला बट्टा लागू नये या भावनेने दाबली जाण्याचा धोका असतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाचे बळी ठरू शकतात याची दखल या विनियमांत घेतलेली आहे, आणि लिंगभाव हा शब्द केंद्रांच्या नावात का आला याचे एक उत्तर तेथे मिळते. तृतीयपंथीयांच्या ओळखीला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्यता दिली, त्यामुळेही स्त्री-अभ्यासाची कक्षा रुंदावणे भाग होते.

कायदा आला, समित्या झाल्या, आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेने स्त्री-पुरुष समतेसाठी केलेल्या कामाला गुण ठेवले. याचा लाभ निश्चित झाला. जेथे मुलींसाठी साधी बसायची खोली नव्हती तेथे ती झाली, समुपदेशनाची सोय झाली, प्रसाधनगृहांकडे लक्ष गेले. मात्र गुणांसाठी केलेल्या कामाला पुराव्याची ओढ लागते. ८ मार्चचे व्याख्यान, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, मेंदीची स्पर्धा, फोटो, अहवाल आणि इतिवृत्ताची वही एवढ्यावर वर्ष संपते, आणि तक्रारी शून्य असल्याची नोंद अभिमानाने केली जाते. शून्य तक्रारींचा अर्थ छळ शून्य असा होत नाही; मुलींना समितीची माहिती नाही किंवा तिच्यावर विश्वास नाही असाही तो असू शकतो, आणि या दोहोंतले खरे कोणते हे विचारल्याशिवाय कळत नाही. नेमके हे विचारण्याचे शास्त्र स्त्री-अभ्यासाने विकसित केले आहे, म्हणून तक्रार समिती आणि अभ्यास केंद्र यांना एकमेकांची गरज आहे.

यावल तालुक्यात विचारण्यासारखे फार आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी यांच्यामधला हा केळीचा पट्टा. डोंगराच्या पायथ्याच्या गावांत तडवी आणि वर पाड्यांवर पावरा समाज, सपाटीला बागायतदार शेतकरी, आणि दोन्हीकडच्या शेतांत निंदणीला व कपाशी वेचायला जाणाऱ्या मजूर बाया. तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले; त्याचे स्वप्न पाहणाऱ्या धनाजी नाना चौधरी यांच्या नावाचे महाविद्यालय १९६१ पासून तेथे आहे. त्या अधिवेशनाच्या रस्त्यांसाठी, स्वयंपाकासाठी, पाण्यासाठी राबलेल्या बायांच्या आठवणी त्यांच्या नाती-पणतींच्या घरांत अजून असू शकतील, पण अधिवेशनाच्या इतिहासात त्या सापडत नाहीत.

विषय केवळ भूतकाळातले नाहीत. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे मुली ८४२ होत्या, आणि राज्यातील सर्वांत कमी प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना झाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, तो मुंबईतील कार्यकर्त्यांनी आकडेवारी आणि डॉक्टरांच्या पाहण्या पुढे ठेवल्यामुळे. असे असताना सधन शेतीच्या जिल्ह्यात मुली का घटल्या, हे गावनिहाय तपासण्याची जबाबदारी येथील महाविद्यालयांवर येते. तीच गोष्ट जमिनीची. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क दिला, त्याआधी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या मेळाव्यात जमलेल्या हजारो शेतकरी बायांनी जमिनीचा प्रश्न चर्चेत आणला होता. पण भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देणे हीच आजही चांगल्या बहिणीची खूण मानली जाते. किती सातबाऱ्यांवर बाईचे नाव आहे हे पाहायला मोठा निधी लागत नाही, उतारे आता संगणकावर मिळतात. तसेच मुलींना गावातून महाविद्यालयात आणणाऱ्या एसटीचे वेळापत्रक हाही स्त्री-अभ्यासाचाच विषय आहे, कारण अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची मोफत पासाची योजना बारावीपर्यंतच्या मुलींसाठी आहे, त्यानंतर पासाला पैसे पडतात, आणि अनेक पाड्यांच्या बाबतीत शेवटची गाडी किती वाजता सुटते यावर मुलगी प्रात्यक्षिकाच्या तासाला थांबणार की नाही, आणि त्यावरून ती विज्ञान घेणार की कला, हे ठरत असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजना पंचवार्षिक मुदतीच्या असत, त्यामुळे मोठ्या केंद्रांनाही पुढच्या वर्षीच्या वेतनाची चिंता करावी लागली आहे, तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयाने अनुदानाची वाट पाहत बसणे व्यर्थ आहे. युवती सभा आहेच, मराठी, इतिहास, भूगोल आणि समाजशास्त्र शिकवणारे अध्यापक आहेत, प्रत्येक विद्यार्थिनीच्या हाती आवाज नोंदवणारा मोबाइल आहे, आणि ग्रंथालयात एक कपाट रिकामे करता येते. यावल आणि फैजपूर येथील प्राचार्यांना आणि युवती सभेच्या समन्वयक अध्यापिकांना एवढेच विनवावेसे वाटते की यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला आजीचे, पणजीचे किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध मजूर बाईचे बोलणे तिच्याच बोलीत, लेवा गणबोलीत, तडवीत किंवा पावरीत, तिच्या परवानगीने नोंदवून आणायला सांगावे, सुट्टी संपल्यावर ते लिहून काढावे, त्यावर नाव, गाव आणि तारीख घालावी, आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली ग्रंथपालाकडे द्यावी. सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या त्या बाया पुढच्या दिवाळीला भेटतीलच असे नाही.